प्रांताचा बंगला, मूळ स्वरूपात

सरकारी बंगला जळाला म्हणून कुठल्या गावाला सुतक लागत नाही. बोरमाळलाही लागलं नाही. गाव चार दिवस गप्प होतं ते दुःखानं नव्हे, भीतीनं. कारण बंगला गावानंच पेटवला होता.

झालं असं, की दिवाळी उलटून पाच दिवस झाले असताना भर दुपारी एक बिबट्या प्रांताच्या बंगल्याची पायरी चढला आणि रिझर्वेशन असल्यासारखा आत गेला. जुन्नर तालुक्यात बिबट्याचं कुणाला अप्रूप नाही. पण तो खाली, उसाच्या पट्ट्यात. वर आमच्या आण्याच्या पठारावर प्यायला पाणी नाही, तिथं ऊस कुठला आणि बिबट्या कुठला! त्यामुळं वनखात्याला फोन लागेपर्यंत सगळं गाव कंपाउंडला येऊन भिडलं. कुणीतरी घरातले उरलेसुरले सुतळी बॉम्ब आणले. बिबट्याला फटाके लावून हाकलायचं हे शहाणपण खालच्या गावांकडून शिकलेलं होतं, फक्त खालची गावं ते उघड्या रानात करतात. आमच्या शूरांनी खिडकीतून आत टाकले. बंगल्याच्या छताखाली शंभर वर्षांपूर्वीचं मांजरपाटाचं कापड ताणलेलं होतं, वर सुकून खडखडीत झालेलं सागवान. अर्ध्या तासात कौलं फुटायला लागली. बिबट्या तेवढा मागच्या खिडकीतून उडी टाकून, बदलीची ऑर्डर आलेल्या साहेबासारखा, मागं वळूनही न बघता निघून गेला.

पंचनाम्यात शॉर्टसर्किट लिहिलं गेलं. बंगल्याची वीज तोडून दोन वर्षं झाली होती, पण ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

नानासाहेब त्या दिवशी बादली घेऊन धावले होते. एकटेच. चौतीस वर्षं ते या बंगल्याचे चौकीदार. त्याच वर्षीच्या मे महिन्यात निवृत्त झाले होते आणि किल्ल्यांचा जुडगा ऑफिसात जमा केला होता. बंगला कागदावर अजून प्रांतसाहेबांचं निवासस्थान होता, पण शेवटचा साहेब तिथं राहिला त्याला तीस वर्षं झाली. पुढचे सगळे साहेब जुन्नरला फ्लॅटमध्ये. तरी नानासाहेब रोज फरशी पुसायचे, महिन्याला काचा, वर्षाला माळा. कुणासाठी, असं बायकोनं, पारूबाईनं, एकदा विचारलं तर म्हणाले, "साहेब आला तर?" पारूबाई म्हणाली, "आन् न्हाई आला तर?" त्यावर ते फडकं उचलून बंगल्याकडं निघाले. पगार मात्र दर महिन्याला येत होता, आणि त्या पगारावर पोरगा रत्नदीप बी. ए. झाला होता.

या रत्नदीपचंच सगळं घोडं अडलं होतं. वय तेहतीस. तीन वेळा पोलीस भरतीला पळला, एकदा छाती कमी भरली, दोनदा पेपरात गेला. आळेफाट्याला मोबाइलच्या दुकानात बसायचा, ते दुकानही बंद पडलं. पोरगा निर्व्यसनी, नाकीडोळी नीटस, बुद्ध विहारात वंदना घ्यायला पहिला. पण आजकाल मुलीकडचे मुलगा बघत नाहीत, ऑर्डर बघतात. वारूळवाडीचं एक स्थळ दोन वर्षं नुसतं टांगून ठेवलेलं. मुलीचा मामा दर वेळी फोनवर गोड बोलायचा, "पावणं, पोराचं काय तरी बगा, मंग आमी हायेच की." नानासाहेबांना दुसरं काही नको होतं. डोळे मिटायच्या आत रत्नदीपला नोकरी लागावी, एवढंच.

आगीला चार महिने झाले आणि पुण्याहून बातमी आली की बंगला ऐतिहासिक आहे. शंभर वर्षं तो नुसता जुना होता, जळाल्यावर ऐतिहासिक झाला. सरकारनं तीन कोटी चाळीस लाख मंजूर करायचं ठरवलं होतं. बंगला होता तसा, मूळ स्वरूपात, पुन्हा उभा राहणार होता.

गावात कुणी पेढे वाटले नाहीत. बोरमाळचं आरोग्य उपकेंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, नर्सबाई आठवड्यातून दोनदा. बाळंतपणाला घाट उतरून आळेफाटा गाठायचा. लंकाबाई ही नानासाहेबांची चुलत बहीण, शेजारच्या घरातली. तिची सून पावसाळ्यात घाटात, पिकअपमध्ये बाळंत झाली. पुढं ट्रक आडवा झालेला, मागं गाड्यांची रांग. लंकाबाईनं स्वतःच्या लुगड्यात बाळ घेतलं. ते रडलंच नाही.

शाळेपुढं ग्रामसभा भरली तेव्हा लंकाबाई उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा.

"तीन कोटीचं घर," ती म्हणाली. "त्यात ऱ्हानार कोन? कोनच न्हाई. आन् माझ्या नातवाला जन्माला यायला खोली नव्हती. मला एवढंच इचारायचंय. बसते."

ती बसली. 

सरपंच वैष्णवीताई तरुण होत्या, शेतकऱ्याघरच्या सून, पण डोक्यानं तल्लख. त्या म्हणाल्या, "पैसा बंगल्याच्या हेडखाली आलाय, तो दवाखान्याला वळवता येत नाय. मी इचारून आले. पण एक वाट हाये. बंगल्याचा मूळ नकाशा कुठंच सापडत नाय. पुण्याच्या आर्किटेक्ट मॅडम गावात माहिती घ्यायला येनार हायेत. माहितीच नाय मिळाली तर मूळ स्वरूप म्हनून त्या लिहिनार काय? प्रस्ताव बारगळतो. मंग ती जागा आरोग्य खात्याला द्यायची शिफारस करतो, असं प्रांतसाहेब माझ्याशी तोंडी बोललेत."

"तोंडी?" कुणीतरी मागून खोकलं.

"तोंडीच. लेखी कोन देतंय आपल्याला?"

आता सगळ्या सभेनं नानासाहेबांकडं पाहिलं. बंगला आतून बघितलेला, कोपरा न् कोपरा माहीत असलेला, गावात एकच माणूस होता. बाकीच्यांनी बघितला होता तो खिडकीतून, बॉम्ब टाकताना.

"नाना," लंकाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "तुझ्याकडंच हाये समदं."

नानासाहेबांनी हात वर केला. "आपल्याला काय बी आठवत न्हाई," ते म्हणाले. सभा हसली, टाळ्या पडल्या. बंगला नको, दवाखाना हवा, असा ठराव एकमतानं झाला. सूचक लंकाबाई, अनुमोदक नानासाहेब. लंकाबाईनं अंगठा दिला, नानासाहेबांनी सही केली. आणि ती सही खरी होती, हे इथं सांगून ठेवलेलं बरं. त्या दिवशी त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

आर्किटेक्ट मॅडम पुढच्या मंगळवारी आल्या. केतकी त्यांचं नाव, वय पस्तिशीचं, पायात बूट, डोक्याला रुमाल. गावानं त्यांना चहा पाजला, पोहे खाऊ घातले, आणि माहिती म्हणून एकानं बंगल्याला नऊ खोल्या सांगितल्या, दुसऱ्यानं चार. मॅडम समजायचं ते समजल्या. दुपारी त्या एकट्याच नानासाहेबांच्या दारात आल्या आणि सतरंजीवर बसल्या. पारूबाईनं पाणी दिलं.

"नानासाहेब, तुमच्यावर गावाचं दडपण आहे, मला कळतं," त्या म्हणाल्या. "मी जबरदस्ती करणार नाही. पण मी अशा कामांत दहा वर्षं आहे. हे पैसे इथं लागले नाहीत तर दुसऱ्या जिल्ह्यात जातील. दवाखाना होईल असं तुम्हाला कुणी लिहून दिलंय का?"

"न्हाई."

"बंगला झाला तर तो चालवायला एक कंपनी येईल. माणसं स्थानिकच घ्यायची, अशी अट मी स्वतः घालून घेते. तुमच्या घरात कुणी आहे?"

रत्नदीप आतल्या खोलीच्या दारात उभा होता. नानासाहेबांनी मागं बघितलं नाही. पण त्यांना पोराचा श्वास ऐकू येत होता.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. "मी काय म्हनलोय का तुमाला?" रत्नदीप बापाला म्हणाला. "लंकाआत्याचं तोंड बगायचंय आपल्याला रोज. नका करू, दादा." पारूबाई मात्र चुलीपुढं बसून हळूच बोलली, "दवाखाना झाला तरी नर्स येनार दोनदाच." आणि नानासाहेबांना तेवढं पुरलं. माणसाला जे करायचंच असतं त्याला कारण शोधायला लांब जावं लागत नाही, घरातच मिळतं.

सकाळी ते बंगल्यावर गेले. मॅडम टेप घेऊन उभ्या होत्या. नानासाहेब म्हणाले, "टेप राहू द्या." चपला काढल्या, राखेत उतरले आणि डोळे मिटले. चौतीस वर्षं पुसलेली फरशी होती ती. कुठली खोली किती हात, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण उकिडवं बसून मागं सरकत पुसताना किती वेळा फडकं फिरवावं लागतं ते हातात पक्कं बसलं होतं. दिवाणखाना बेचाळीस फडकी लांब, सव्वीस रुंद. साहेबाची झोपायची खोली तीस. मॅडमनी एका फडक्याचं माप घेतलं, गुणाकार केला आणि उरलेल्या भिंतींशी ताडून बघितला. दोन बोटांचा फरक.

"काय माणूस आहात हो तुम्ही!" त्या म्हणाल्या. नानासाहेबांना आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. मग त्यांना थांबवता येईना. दाराला सहा तावदानं, त्यातलं डावीकडचं खालचं हिरवट. पायऱ्या सात, पाचवी झिजलेली. खुंटीची उंची, कडीचा आवाज. दोन दिवस ते सांगत होते आणि मॅडम लिहीत होत्या. राखेतून बंगला उठत होता आणि नानासाहेब अनवाणी त्याच्यातून हिंडत होते. ते सुखात होते, याची त्यांना नंतर लाज वाटली. पण होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी मागच्या पडवीच्या भिंतीकडं बोट केलं. ती भिंत शाबूत होती. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर वीतभर, आरपार एक भोक होतं, आत जाताना वर चढत गेलेलं.

"हे कशाचं?"

इथं 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. भिंत जळालेली, भोक काय, कशानंही पडतं. पण नानासाहेब त्या भोकापुढं येऊन उभे राहिले आणि त्यांच्या आवाजात निराळंच काही आलं.

"पंख्याच्या दोरीचं," ते म्हणाले. "आत दिवानखान्यात फळीचा पंखा टांगलेला असायचा, खाली पांढरी झालर. दोरी ह्या भोकातनं इकडं. हितं माझा आजा बसायचा. भागू नाव. तवा आमच्या मानसांना घरात पाय ठेवू देत नव्हते. नऊ उन्हाळे वडला त्यानं पंखा. हात दुखला का आंगठ्याला दोरी बांधायचा. झोप लागली तर आतनं साहेब बूट आपटायचा. नऊ वर्सं वारा दिला, मॅडम, पन पंखा कसा दिसतो ते त्यानं मरेपत्तोर बगितलं न्हाई. ह्या भोकातनं दिसतच न्हाई. मंग छप्पन सालानंतर, दीक्षा घेतल्यावर, माझा बाप पुढच्या पायरीनं आला आन् साहेबाकडं पगाराची नोकरी मागितली. चौकीदाराची. त्यानं तो पंखा माळ्यावरनं काढून आज्याला दाखवायचं ठरवलं व्हतं, तवर आजा गेला."

मॅडमचा हात थांबला होता. डोळे पाणावले होते. मग त्यांनी विचारलं, "भागू... आडनाव?"

"तवा आडनाव कोन लिहितंय?"

त्यांनी लॅपटॉपवर लिहिलं, भागू. नानासाहेबांनी ती अक्षरं वाकून वाचली. आज्याचं नाव कुठं लिहिलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. रेशनकार्ड नव्हे, सातबारा नव्हे, दगड नव्हे. त्यांनी तिथंच मान फिरवून डोळे पुसले.

प्रस्ताव मंजूर झाला. मूळ स्वरूपाचा पुरावा इतका पक्का मिळाला की वरून अभिनंदनाचं पत्र आलं म्हणतात. वैष्णवीताई नानासाहेबांना रस्त्यात भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "नाना, सही तरी करायची नव्हती."  लंकाबाईनं दोन घरांच्या मधल्या कुंपणातला भगदाडाचा रस्ता बाभळीच्या फांद्या टाकून बंद केला. चाळीस वर्षं त्या वाटेनं भाजीच्या वाट्या इकडून तिकडं गेल्या होत्या.

बंगला दीड वर्षात उभा राहिला. या दीड वर्षात गावातली आणखी दोन बाळंतपणं घाटातच झाली. दोन्ही बाळं वाचली, तेवढं नशीब. प्रांतसाहेबांचीही बदली झाली. नवे साहेब बंगला बघायला आले, छान आहे म्हणाले आणि चार वाजता जुन्नरला परत गेले. तिथं कुणी साहेब राहणार नव्हताच. एका कंपनीला तो चालवायला दिला. पुण्या-मुंबईची माणसं येणार, पैसे भरून एक रात्र साहेबासारखी काढणार.

मॅडमनी शब्द पाळला. रत्नदीपला ऑर्डर आली. इंग्रजीत होती, 'हेरिटेज असिस्टंट', अकरा महिन्यांचं कंत्राट, महिना बारा हजार. नानासाहेबांनी तिची झेरॉक्स काढून वारूळवाडीला पाठवली. मामाचा त्याच दिवशी फोन. "आता कसं! उद्घाटनाला येतो आमी मुलीला घिऊन. बंगला बी बगू, नवरदेव बी बगू." पारूबाईनं सणासुदीला राखून ठेवलेलं लुगडं बाहेर काढलं.

उद्घाटनाच्या दिवशी गावातलं फारसं कुणी गेलं नाही. नानासाहेब गेले. मॅडमनी छापील निमंत्रण धाडलं होतं. ते सात पायऱ्या चढले, पाचवीवर पाऊल आपोआप जपून पडलं. ती नवी असून झिजवलेली होती. दारातलं डावीकडचं खालचं तावदान हिरवट होतं. त्यांना भडभडून आलं.

दिवाणखान्यात वेताच्या खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. मार्चअखेरचं ऊन, पण आत गार वाटत होतं. नानासाहेबांनी वर बघितलं. सागवानी फळी, पांढरी झालर. पंखा संथ हलत होता, इकडून तिकडं, तिकडून इकडं. वारा त्यांच्या कपाळावरच्या घामाला लागला. बरं वाटलं. मोटार कुठं बसवली असेल, असं मनात येऊन ते दोरीच्या मागं नजर नेत गेले. दोरी भिंतीकडं गेली होती. भिंतीत भोक होतं, त्याला आता पितळी कडं होतं, आणि शेजारी काचेखाली पाटी. तिच्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं होतं, 'या भिंतीपलीकडे भागू नावाचा पंखेवाला बसत असे. तो अनुभव आजही जिवंत आहे.'

नानासाहेबांनी पाटी दोनदा वाचली. मग ते बाहेर पडले आणि घराला वळसा घालून मागं गेले. पाय त्यांना नेत होते, ते स्वतः जात नव्हते.

मागच्या पडवीत भिंतीला पाठ लावून रत्नदीप बसला होता. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, डोक्याला लाल मुंडासं. हातात दोरी. घाम मानेवरून उतरत होता.

"हे रं काय?" नानासाहेब म्हणाले. 

"हेच काम हाय." रत्नदीपनं दोरी ओढली, सोडली. "आठ दिवस ट्रेनिंग दिलं. म्हनले, भागूच्या वौंशातलाच पायजे, त्याची ष्टोरी हाये. तुमाला कसं सांगू कळंना."

"सोड ती दोरी. ऊठ."

"उठून कुठं जाऊ?"

  नानासाहेब पडवीच्या कडेला बसले.

"वारूळवाडीवाले येऊन गेले मघाशी," रत्नदीप म्हणाला. "मामा, मुलगी, समदे. पाव्हन्यांना आधी मागं आनून दाखवत्यात, मंग आत बसवत्यात. मुलीनं माझा फोटो काढला. वळखलं न्हाई. मुंडासं होतं ना. मंग मामा आला जवळ, बगितलं, आन् तिचा हात धरून घिऊन गेला."

आतून पितळी घंटा वाजली. रत्नदीपनं दोरी जोरात ओढायला सुरुवात केली. घंटा म्हणजे वारा कमी पडतोय. बूट आपटण्याची पद्धत तेवढी बंद केली होती.

 दोरी कड्याला घासून कुरकुरत होती. मग रत्नदीप हात न थांबवता म्हणाला, "दादा, एक इचारू?"

"इचार."

"आमाला ह्या कपड्यावर आत सोडत न्हाईत. तुमी आत्ता बगून आला." त्यानं मान वर करून भोकाकडं पाहिलं. "पंखा कसा दिसतो?"

नानासाहेबांनी सांगायला तोंड उघडलं. फळीची लांबी, झालरीच्या चुण्या, सगळं त्यांना पाठ होतं, दोन दिवस परक्या माणसाला न अडखळता सांगितलं होतं. आता एक शब्द फुटेना. आत पुन्हा घंटा वाजली.